आईने पास केलेली लाइन

थोरलीने एका राउटरची वायर उपटली, दुसऱ्यात खोचली आणि स्टुलावरून उतरून निळ्या पडद्यापुढे येऊन बसली. समोरच्या स्क्रीनवर आई उगवली. आपल्या घरात, लाकडी खुर्चीत, केस चापूनचोपून विंचरून, फोटो काढायला बसावं तशी ताठ बसली होती.

"दिसतेय का मी?" थोरलीने हातांनी विचारलं.

"छान दिसतेस," आईचे हात म्हणाले. "पण किती वाळलीस!"

"ते या इंटरनेटवाल्यांमुळे," बाजूला उभी असलेली धाकटी पुटपुटली, आणि आपण तोंडाने बोललो हे लक्षात आल्यावर तिने तेच आईसाठी हातांनी पुन्हा सांगितलं. आई स्क्रीनवर पोट धरून हसली.

आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. या दोघी बहिणी बोलायच्या आधी हातवारे शिकल्या त्या तिच्याच मांडीवर, आणि आता त्याच हातांवर त्यांचं पोट चालत होतं. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचं ऑफिस होतं. बँकेत, कचेरीत, दवाखान्यात एखादं ऐकू न येणारं माणूस आलं की तिथल्या टेबलावरचा स्क्रीन सुरू व्हायचा आणि त्यात या दोघींपैकी एक किंवा त्यांनी नेमलेल्या मुलींपैकी कुणीतरी दिसायचं. साहेब बोलायचा ते यांनी हातांनी सांगायचं, समोरचा हातांनी सांगेल ते साहेबाला बोलून दाखवायचं. अंगात साधे गडद रंगाचे कपडे, हातात बांगडी नाही, बोटात अंगठी नाही, नखांना रंग नाही. बघणाऱ्याची नजर दुसऱ्या कशावर जायला नको, म्हणून. धाकटीला नटायची भारी हौस, ती रविवारी सगळं उट्टं काढायची.

आजवर हे काम जुन्या लाइनवर रडतखडत चाललं होतं. पण आता शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलने त्यांना काम दिलं होतं, प्रत्येक विभागासाठी. पहिले तीन महिने बघू, म्हणाले होते. पुढच्या सोमवारपासून सुरुवात. थोरलीने हे काम मिळवायला त्या हॉस्पिटलचे इतके जिने झिजवले होते की तिथला पहारेकरी तिला कर्मचारी समजून सलाम करायला लागला होता. यात नुसती कमाई नव्हती. शाळकरी वयात याच हॉस्पिटलात, आईचा हात धरून, डॉक्टरांचं बोलणं आईला सांगायला ती उभी राहिली होती. त्या दिवशी बाबांबद्दल डॉक्टर जे बोलले ते एका लहान मुलीने आपल्याच हातांनी आपल्या आईला सांगावं असं नव्हतं. दुसरं कुणी सांगायला नव्हतं, म्हणून तिने सांगितलं. पुन्हा कुठल्या पोरावर ती वेळ येऊ नये, एवढंच तिला हवं होतं, आणि हे ती कुणालाही उघडपणे सांगायची.

तेव्हा आता लाइन चांगली हवी होती. एकदम पक्की, फायबरची.

दोन कंपन्या दारात आल्या होत्या. पहिलीचा माणूस आला तो पेढे वाटायला आल्यासारखा. धाकटीने त्याचं नाव पहिल्याच दिवशी गोडबोल्या ठेवलं. "मॅडम, तुम्ही फक्त हो म्हणा, बाकी सगळं माझ्यावर सोडा," हे त्याचं पालुपद. त्याने फुकट राउटर बसवून दिला, लॅपटॉपवर वेगाचा काटा सर्रकन उजवीकडे पळवून दाखवला आणि तो काटा आपणच पळवून दमल्यासारखं कपाळ पुसलं. दुसऱ्या कंपनीची बाई आली तिने चहाही घेतला नाही. तिचं प्रत्येक वाक्य मध्येच कापल्यासारखं संपायचं, म्हणून तिचं नाव कात्री. "दर जास्त आहे. करार दोन वर्षांचा. लाइन बंद पडली तर माणूस त्याच दिवशी येतो. खालच्या दुकानात आमचीच आहे, त्यांच्याकडून वायर घेऊन बघा." एवढं बोलून ती जिना उतरलीसुद्धा. खालच्या चष्मेवाल्या काकांनी खरोखरच आपल्याकडची वायर खिडकीतून वर सोडली. वर म्हणाले, "बघा पोरींनो, माझ्या गिऱ्हाइकांना नाही दिसलं तरी तुम्हाला दिसू दे."

आणि परीक्षक होती आई. नवी दुभाषी मुलगी नेमायची असली तरी तिला आधी आईपुढे बसवायची त्यांची पद्धत. आई बघायची, मान हलवायची, "चांगली आहे" म्हणायची. आजवर तिने कुणालाच नापास केलं नव्हतं. आपली निवडच मुळात चोख असते, असं समजून दोघी बहिणी खूश होत्या.

थोरलीने गोडबोल्याच्या लाइनवर हॉस्पिटलात सांगतात तसला मजकूर हातांनी सांगितला. रिकाम्या पोटी या, जुने रिपोर्ट आणा, सोबत कुणाला तरी घ्या. आईने सगळं जसंच्या तसं परत सांगितलं. मग वायर बदलून काकांच्या लाइनवर दुसरा मजकूर. तोही आईने बिनचूक सांगितला.

"कुठली चांगली?"

आईने क्षणभर विचार केला. "दोन्ही छान."

"दोन्ही कशा छान असतील? एक तरी उजवी असेल ना!"

"मला दोन्ही समजल्या," आई म्हणाली, आणि गॅसवर दूध आहे म्हणून उठून गेली.

आईचा शब्द म्हणजे या घरात शेवटचा. दोन्ही सारख्याच असतील तर जास्तीचे पैसे कुणाच्या बोडक्यावर घालायचे? शिवाय ऑफिसच्या स्क्रीनवर आई दोन्ही वेळा लख्ख दिसत होती, कोपऱ्यातल्या चौकटीत आपले हातही स्वच्छ दिसत होते. थोरलीने गोडबोल्याला फोन लावला. परवा सकाळी या, सही करून टाकू.

"मॅडम, तुम्ही आज माझं मन जिंकलंत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरली आईकडे गेली ती शिवणयंत्राचा पट्टा द्यायला. आई दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची, हट्टाने. दाराची बेल वाजली की घरातला दिवा लुकलुकायचा, तशी सोय केलेली होती. आईने दार उघडलं, पट्टा हातात घेतला, ताणून बघितला, आणि दुकानदाराने फसवलं नाही याची खात्री पटल्यावर मगच मुलीच्या गालाला हात लावला.

तेवढ्यात टेबलावरचा स्क्रीन चमकायला लागला. ऑफिसातून धाकटी होती. सही करायच्या आधी गोडबोल्याच्या लाइनवर हॉस्पिटलचा खराखुरा मजकूर एकदा चालवून बघते, असं सकाळीच म्हणाली होती. आई खुर्चीत बसली. थोरली पाणी प्यायला आत गेली आणि पेला घेऊन बाहेर आली ती आईच्या मागे उभी राहिली.

आणि पाणी पिणं राहूनच गेलं.

स्क्रीनवर धाकटीचे हात चौकोनी तुकड्यांचे झाले होते. एक हात छातीपाशी अडकून बसला, चेहरा विरघळला, मग एकदम ती तिसऱ्याच जागी दिसली, मधलं सगळं गेलेलं. पुन्हा थोडा वेळ नीट. पुन्हा हवेत गोठलेला पंजा. आणि आई शांतपणे मान हलवत होती. समजलं. समजलं. हं, समजलं. शेवटी धाकटीने विचारलं, काय सांगितलं? आईने सांगितलं: शुक्रवारी सकाळी या, आदल्या रात्रीपासून काही खाऊ नका, कागदावर सही मुलाने केली तरी चालेल.

"अगदी बरोबर!" धाकटीचा तुकड्यातुकड्यांतला अंगठा वर गेला.

थोरलीने पेला टेबलावर ठेवला आणि आईच्या समोर येऊन बसली.

"आई, चित्र तुटतंय."

"हो, तुटतं की."

"काल पण असंच तुटत होतं?"

"पहिल्या वेळी तुटत होतं. दुसऱ्या वेळी नाही."

"मग दोन्ही छान कशाला म्हणालीस?" थोरलीचे हात आता चिडले होते.

आईला तिच्या रागाचं कारण खरंच कळेना. "तू विचारलंस समजलं का. मला समजलं."

थोरलीने धाकटीला फोन लावला आणि वायर बदलायला सांगितली. पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला, धाकटीची थोडी कुरकुर झाली, आणि मग स्क्रीनवर ती आली, अख्खी, स्वच्छ, कपाळावर आलेली बट फुंकरीने उडवताना. एकेक बोट वेगळं दिसत होतं. आईच्या घरची लाइन तीच, स्क्रीन तोच. थोरलीच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. ऑफिसात बसून त्या दोघी काय बघत होत्या? आपल्याकडे येणारं आईचं चित्र. आणि कोपऱ्यात आपलेच हात, जे आपल्याच कॅमेऱ्यातून येत होते, ते कसे तुटतील? गोडबोल्याचा तो पळणारा काटासुद्धा येणाऱ्या चित्राचाच वेग दाखवत होता. त्यांचं तर सगळं दुकान जाणाऱ्या चित्रावर, आणि ते बघायला जगात एकच माणूस त्यांनी नेमलं होतं.

"पण तुला कळलं कसं?" तिने आईला विचारलं. आता राग उतरला होता, नुसतं नवल उरलं होतं.

आईने खांदे उडवले. "भुवया दिसत होत्या. 'खाऊ' दिसलं, पुढचा हात नाही दिसला, पण मान आडवी हलली. मग नाहीच खायचं असणार. 'मुलगा' दिसला, लिहिल्यासारखी बोटं दिसली. हॉस्पिटलात मुलगा काय कविता लिहिणार? सही करणार."

 थोरली स्वतः इतकी वर्षं हे काम करत होती, दुसऱ्यांना शिकवत होती, पण असल्या फाटक्या चित्रातून तिला एक वाक्य धड लागलं नसतं.

आई आता खुलली होती. "कपड्यांच्या कारखान्यात मुकादम होता ना, तोंडात पेन्सिल धरून बोलायचा. ओठ अर्धेच हलायचे. वर पाठ फिरवून चालायला लागायचा. मी बघून काजं करायची, बाकीच्या बायका ऐकून करायच्या. माझं काम कधी मागे नव्हतं. बस कंडक्टर, दुकानदार, तुमच्या शाळेतल्या बाई. कुणाच्या मिशा, कुणाचा हात तोंडावर. जेवढं हाती येईल त्याचं मी शिवून घेते."

"आणि मुकादमाचं बोलणं कधी चुकीचं कळलं नाही?"

"कळलं की." आई हसली. "मग उसवायचं आणि पुन्हा करायचं. घरी येऊन काय सांगायचं त्यात?"

काय बाई आहे ही, थोरलीच्या मनात आलं. अभिमानाने तिचा ऊर भरून आला. लोक शिकून सवरून, भाषांच्या पदव्या घेऊन जे करू शकत नाहीत ते ही बाई रोज भाजी घेताना करत आली होती, आणि त्याचा कधी साधा उल्लेख नाही. पण त्याच अभिमानाच्या पोटात कुठेतरी एक खडा टोचायला लागला होता. तिने पुन्हा फोन उचलला.

"पहिली वायर लाव. आणि आता अंदाज बांधता येणार नाही असं काहीतरी सांग."

"म्हणजे कसं?" धाकटी म्हणाली.

"वेड्यासारखं."

धाकटीला वेड्यासारखं म्हणायचीच खोटी. स्क्रीनवर तुकडे उडाले, सोंड दिसली, डॉक्टर दिसले, मध्येच सगळं थिजलं. आई पुढे झुकून बघत होती. "हत्ती," ती म्हणाली. "हत्तीला डॉक्टर… तपासतात?"

"डॉक्टरांनी हत्तीला चष्मा दिला आणि बिल उंदराला पाठवलं!" धाकटी फोनवर खिदळली. थोरलीने ते आईला सांगितलं. आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "चष्मा हुकला. उंदीर तर दिसलाच नाही."

"आता एक खरं सांग," थोरली फोनमध्ये म्हणाली. "गोळ्यांचं."

धाकटीचे हात हलले. तुटले. पुन्हा जुळले. आईने नेहमीसारखी मान हलवली. समजलं.

"काय समजलं?"

"पांढरी गोळी आजपासून बंद. निळी चालू ठेवायची." आईचे हात ठाम होते. त्यात कुठे शंका नव्हती, चाचपणं नव्हतं.

 धाकटी फोनवर म्हणाली, "ताई, मी उलटं सांगितलं. निळी बंद. पांढरी चालू."

थोरलीने ते आईला लगेच सांगितलं नाही. पण आईला फोनवरचं ऐकू येत नसलं तरी मुलीच्या चेहऱ्यावरचं दिसत होतं. ते ओळखायला तिला कुठल्या लाइनची गरज नव्हती.

"चुकलं?"

"हो."

 आईने उलगडून सांगितलं. "गोळ्या दिसल्या. बंद दिसलं. कुठली ते नाही दिसलं. माझी पांढरीच बंद केलीय ना डॉक्टरांनी गेल्या महिन्यात. म्हणून वाटलं, पांढरीच असेल."

 सोमवारपासून त्या हॉस्पिटलातल्या टेबलांपुढे येऊन बसणारी माणसं थोरलीच्या डोळ्यांपुढे आली. त्यांतलं एकही माणूस तक्रार करणार नव्हतं. चित्र तुटतंय, असं एकही जण डॉक्टरला सांगणार नव्हता. सगळे आईसारखेच मान हलवणार होते, समजलं, समजलं, आणि गाळलेल्या जागा आपापल्या आयुष्यातलं काहीतरी घालून भरणार होते. हॉस्पिटल खूश, डॉक्टर खूश, आणि इकडे निळ्या पडद्यापुढे बसून आपणही खूश. 

तिने तिथूनच कात्रीला फोन केला. कात्रीने हॅलोसुद्धा तोडूनच म्हटलं.

"तुमची लाइन घेतो आम्ही. शनिवारच्या आत लागेल?"

"लागेल."

"मला आमच्याकडून जाणारं चित्र दुसऱ्या टोकाला कसं दिसतं, ते माणूस बसवून तपासायचंय. दर आठवड्याला."

 "हे अजून कुणी मागितलं नव्हतं," कात्री म्हणाली, आणि तिचं ते पहिलं अख्खं वाक्य असावं. "चांगलं आहे."

गोडबोल्याला नाही सांगायचं काम थोरलीने बहिणीवर ढकललं. धाकटी म्हणाली, बघ हं, तो रडेल. आईने पास केलेल्या मुलींची परीक्षा आता नव्याने घ्यायला हवी, हेही दोघींनी ठरवून टाकलं. आई मधल्या वेळात पट्टा घेऊन शिवणयंत्रापाशी जाऊन बसली होती. तिने तो चाकावर चढवला, पाय मारून बघितला आणि यंत्र पळायला लागल्यावर एकटीच समाधानाने मान डोलावली.

निघायची वेळ झाली. हॉस्पिटलला कळवायचं होतं, घरी मुलं वाट बघत होती, धाकटीचा आणखी एक फोन येऊन गेला होता. थोरलीने एका पायात चप्पल सरकवली, पर्स खांद्यावर टाकली, एका हाताने फोनवर टाइप करत दुसऱ्या हाताने आईला सांगितलं. रोज जाताना सांगायची तसंच, दाराकडे वळता वळता.

आईने मान हलवली.

थोरली दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.  मग परत वर आली. आई अजून दारातच होती; थोरली रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत रोज उभी राहायची.

"मी आत्ता काय म्हणाले?"

आईच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखं हसू आलं. "उद्या फोन करते म्हणालीस."

"नाही."

"मग… औषधं घे म्हणालीस."

"नाही, आई."

आईने हात खाली सोडले. "मग नाही कळलं."

"मग मान का हलवलीस?"

आईने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. उलट असल्या साध्या गोष्टीचं एवढं काय, असाच भाव होता.

"तू घाईत होतीस," ती म्हणाली.

 शाळेचे डबे भरताना, वेणी घालून घेताना, ताटावरून उठताना, दप्तर पाठीवर टाकता टाकता एका हाताने सांगितलेलं सगळं थोरलीला आठवायला लागलं आणि तिने ते आठवणं तिथेच थांबवलं, नाहीतर दारातच रडू फुटलं असतं. तिने फोन पर्समध्ये टाकला. पर्स खुर्चीवर ठेवली. चप्पल काढली आणि दिव्याखाली, आईच्या समोर, उजेड चेहऱ्यावर येईल अशी उभी राहिली.

मग दोन्ही हातांनी, एकेक शब्द सुटा करत, तिने पुन्हा सांगितलं. उद्या संध्याकाळी मी इकडेच जेवायला येतेय. मुलांना घेऊन. काही करत बसू नकोस, येताना मीच आणते.

आईची मान हलायला लागली होती. अर्ध्यावर ती थांबली. आईने हात वर केला, वर्गात शंका असलेलं पोर करतं तसा, थोडा बिचकत.

"थांब," ती म्हणाली. "जेवायला येतेस ते कळलं. कोण कोण येणार, ते पुन्हा सांग."

थोरलीने पुन्हा सांगितलं.